खाचेतली सुपारी

१

भिवा साटमाच्या हत्याराला कुणी हात लावला की त्याला बघताक्षणी कळायचं. बायको पोरांना घेऊन गावी राहायची. तिने नवी साडी नेसली तर ह्याला कळलं नसतं, पण कानस बोटभर सरकली की ह्याच्या कपाळाला आठी. मिलच्या सुतारखात्यातला माणूस, त्याला आपण काय बोलणार! लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक खोली, खोलीपुढे सज्जा, सज्जात एक पत्र्याचा डबा, आणि त्यात ह्याची बारकी हत्यारं एकावर एक पडलेली.

त्याच्या आईला, सुंदराबाईला, हे सगळं पक्कं ठाऊक. म्हातारीला दुसरा उद्योग काय? भिवा रात्रपाळी करून येऊन झोपला की ती हळूच डब्यातला गुण्या काढायची आणि तांदळात पुरून ठेवायची. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, तो नसला की सुतार आंधळा. उठल्यावर भिवा शोधायला लागला की ही डोळे मिटून माळ ओढत बसायची. कुठे आहे विचारलं तर म्हणायची, देवाक विचार. सगळा माळा हसायचा. धाकटा राघो तर इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा आणि त्याच्या बायकोला, बकुळाला, त्याची पाठ चोळावी लागायची.

तो राघो मागच्या थंडीत गेला तो आलाच नाही.

मुंबई कुणाची, ह्या भांडणात तेव्हा गिरणगाव पेटलं होतं. आज मोर्चा, उद्या संचारबंदी, नाक्यावर गोळ्या सुटायच्या. राघोपण भिवाच्याच खात्यातला. तो मिलमधून सुटला, खिशात त्याची लाकूड कोरायची छोटी पटाशी तशीच राहिलेली, आणि मोर्चात शिरला. मग इस्पितळं बघून झाली, चौक्या झाल्या, मढीसुद्धा बघून झाली. जिवंतांत नाही, मेलेल्यांत नाही. बकुळा कुंकू लावत राहिली. लावू नको म्हणायची कुणाची छाती, आणि लाव म्हणायची तरी कुणाची? हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही ह्याच्यावर नळावर बायका कुजबुजायच्या, आणि ती हंडा घेऊन आली की सगळ्या एकदम पाण्याच्या धारेकडे बघायच्या. हसणं तर ती विसरूनच गेली होती. घरात दोन वर्षांपूर्वी लग्न करून आलेली पोर, आणि ती ना सवाशीण ना रांडमुंड, अशी मध्येच लोंबकळत राहिली.

भिवाला एवढंच वाटायचं, हिचं कायतरी एक व्हावं.

२

नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची ती पत्र्याच्या डब्यात नकोत, म्हणून भिवाने पेटी करायला घेतली. माझगावच्या गोदीतून कुणाकडून तरी जुन्या सागाच्या फळ्या आणल्या. सकाळी पाळीवरून यायचा, दोन घास खायचा आणि सज्जात फळी धरून बसायचा. कोपरे एकमेकांत दातांसारखे बसवले, पेटीला एक खिळा मारला नाही. आत तळाला जाड फळी, आणि त्या फळीत प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच. कानस ठेवून कडेने पेन्सील फिरवायची आणि तेवढंच कोरायचं. म्हणजे हत्यार हलायला नको, आणि म्हातारीने काढलं तर रिकामी खाच लगेच बोंब मारेल.

बकुळा तांदूळ निवडत बघत होती. ती म्हणाली, यांच्या पटाशीची पण करा.

भिवा घुटमळला. पटाशी तर त्याच्याबरोबरच गेलेली, माप कशाचं घ्यायचं? त्याने पेन्सील उचलली आणि परत ठेवली. तेव्हा आतून आई म्हणाली, "इलो तर पटाशी ठेवतलो खंय? तुझ्या डोक्यार?"

झालं. भिवाने खाच कोरली. मापाला हत्यार नव्हतं, म्हणून त्याने डोळे मिटले, राघोच्या मुठीत ती पटाशी कशी दिसायची ते आठवलं, आणि अदमासाने कोरलं. सुतार असं कधी करत नाही. डोळे मिटून सुतार फक्त झोपतो. पण खाच झाली. इतकी गुळगुळीत झाली की बकुळाने त्यात बोट फिरवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

३

साटमांच्या घरची एक रीत होती. हत्यारं पुजताना घरातल्या प्रत्येक कमावत्या हाताने आपापलं हत्यार मांडायचं. कुणी गावी असला, अंथरुणाला असला, तर त्याच्या हत्याराच्या जागी सुपारी. पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतातच की, तसंच हे. सुपारी ठेवायची, त्याचं नाव घेऊन 'ये, बस' म्हणायचं, हळदकुंकू वाहायचं. आणि दसऱ्याला सकाळी अक्षता टाकून 'आता नीघ' म्हणायचं आणि सुपारी जराशी जागची हलवायची. हलवली की संपलं. बोलावलेल्याला निरोप द्यायचा असतो, हे काय कुणाला सांगायला लागतं?

खंडेनवमीला पेटी पाटावर मांडली. झेंडूची माळ घातली, सगळ्या हत्यारांना गंध लावलं. राघोच्या खाचेत भिवाने सुपारी ठेवली आणि म्हणाला, राघो, ये, बस. म्हणताना त्याचा आवाज चिरकला, म्हणून आईने मुद्दाम मोठ्याने खोकून घेतलं.

दसऱ्याला सकाळी अक्षता टाकल्या. कानस हलवली, गुण्या हलवला, करवत हलवली. हात सुपारीशी आला, आणि पाठीमागून बकुळा म्हणाली, "ती राहू दे, भावजी. ते आले की तेच काढतील."

भिवाने आईकडे बघितलं. एरवी ह्यावर म्हातारीने दहा टोमणे मारले असते. पण त्या वेळी ती खाली बघून आपट्याची पानं मोजायला लागली, आणि पानं काय कुणी मोजतं?

भिवाने हात मागे घेतला. एका पोरीचं मन राखलं, एवढंच केलं त्याने. तुम्हीआम्ही असतो तर दुसरं काय केलं असतं?

४

दिवाळी सरून गेली. एकदा दुपारी, चाळ जेवून आडवी झालेली असताना, भिवाला जाग आली. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला आवाजाने जाग येत नाही. पण हा आवाज बारीक होता. खर्र. मग थोडा थांबायचा. मग परत खर्र. पटाशी सागावरून फिरते तेव्हा येतो तसा.

त्याला वाटलं, आई. पेटी उघडून काहीतरी उचापत करते आहे. तो हसू दाबून तसाच पडून राहिला, म्हटलं रंगेहात धरू. मग त्याने डोळा किलकिला केला. आई त्याच्या समोरच भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं. बकुळा नळावर गेलेली. पेटी बाकड्याखाली, बंद.

खर्र.

त्याने उठून झाकण उघडलं. सगळं जागच्या जागी. राघोच्या खाचेत सुपारी, तिच्याभोवती सागाचा भुसा, ताजा, वास येणारा. त्याने फुंकर मारली. उंदीर असणार, तो स्वतःला म्हणाला. उंदीर साग कुरतडतो की नाही, ह्याचा विचार त्याने केला नाही. केला असता तर परत झोप आली नसती.

मग ते रोजचंच झालं. दुपारी आवाज, उघडलं की भुसा. पेटीपण जड व्हायला लागली. आधी एका हाताने उचलायचा, आता दोन हात लावायला लागले. लाकूड दमट हवेत पाणी पितं, हे त्याला ठाऊक होतं. पण थंडी पडली होती आणि ओठ फुटत होते, तेव्हा हे लाकूड पाणी पीत होतं कुठलं?

शेवटी त्याने आईला धरलं. चेष्टा पुरे झाली म्हणाला, मला झोप मिळत नाही. म्हातारीने माळ खाली ठेवली.

"ह्या खेपेक मी नाय हां, झिला."

असं ती आधी कधी म्हणाली नव्हती. एरवी पकडली गेली तरी ती देवावर ढकलायची.

५

बकुळाला आवाज यायचा का, हे भिवाने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ती आता दुपारी पेटीशेजारीच बसायची. शिवण असलं तर शिवण, निवडण असलं तर निवडण. आवाज थांबला की हिचा हात थांबायचा, आवाज सुरू झाला की हिची सुई चालायला लागायची. चहा केला की एक कप बाकड्यावर ठेवायची. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणायची, निवायला ठेवलाय. नंतर तो कप रिकामा दिसायचा. तीच पीत असेल. भिवा तसंच धरून चालला.

एक दिवस त्याने धीर करून सुपारी खाचेत असतानाच तिच्याभोवती बोट फिरवून बघितलं. खाच लांब झाली होती. त्याने कोरली होती टिचभर, सरळ, खाली निमुळती. आता वरच्या टोकाला गोल होती, बरोबर सुपारीएवढी. त्याच्याखाली बारीक. मग दोन्ही बाजूंनी एकदम रुंद.

पटाशीला खांदे कुठून?

त्याने झाकण लावलं आणि हात धुवायला गेला. साबण लावून धुतले, मग परत धुतले. सज्जातून समोरच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं दिसत होतं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. ती अक्षरं राघोनेच काढली होती, 'झा'ची काठी तिरकी जायची त्याची. भिवा त्या काठीकडे बघत उभा राहिला. लाकूड फुगतं, तो म्हणाला. लाकूड आक्रसतं. लाकडाला आकार येतो. जे काय म्हणायचं ते सगळं म्हणून झालं, तरी तो आत जाईना.

६

पुढे एका दुपारी केर काढायला बकुळाने पेटी सरकवायला सांगितली. भिवाने दोन पाय रोवले, दोन हात घातले, आणि जोर लावून उचलली. पेटी इतकी हलकी उठली की तो मागच्या मागे भिंतीवर आदळला. आत नुसती हत्यारं असल्यासारखी हलकी.

तेवढ्यात सज्जातून कुणीतरी म्हणालं, "दादा, पाणी दे."

राघो उभा होता. अंगात तोच सदरा, पाय अनवाणी, केसांत बारीक पिवळट भुसा. बकुळाच्या हातातली केरसुणी खाली पडली. ती धावली नाही, किंचाळली नाही. पाण्याचा गडू भरून आणला, त्याच्या हातात दिला आणि तो पीत असताना त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. मग हसली.

चाळ लोटली. कुणी पेढे आणले, कुणी ओवाळलं. तुरुंगात होतास ना, असं एकाने विचारलं, राघो हो म्हणाला. डोक्याला मार लागला असेल, सगळं विसरला असशील, असं दुसऱ्याने विचारलं, त्यालापण हो म्हणाला. गावाकडे दडून होतास का, त्यालापण हो. लोकांना आपापलं उत्तर मिळालं, ते खूष होऊन गेले. भिवाने सगळे गेल्यावर विचारलं, खरं कुठे होतास? राघो म्हणाला, इथेच.

आईने त्याला जवळ घेतलं, डोक्याचा मुका घेतला, आणि नंतर संध्याकाळभर काही बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाला आनंद सोसत नाही, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बकुळा नळावर निघायची ती गजरा माळून. बायका आता धारेकडे बघायच्या नाहीत, सरळ हिच्याकडे बघायच्या, आणि ही त्यांना उलट उत्तरं द्यायची. हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं आलं तेव्हा तिने जाताना उंबऱ्यात थांबून राघोला हाक मारली, नुसती ओ ऐकायला. त्याने ओ दिली. मग गेली.

भिवाला वाटलं, झालं. हिचं कायतरी एक झालं.

७

पण भिवा हा बोटभर सरकलेली कानस ओळखणारा माणूस.

राघो जिन्याच्या खाली जायचा नाही. अशक्तपणा असेल. दाढी वाढायची नाही. असतं एकेकाचं. आई पूर्वीसारखी चेष्टा करून बघायला गेली, गुण्या तांदळात पुरला. भिवा उठून शोधायला लागायच्या आधीच राघो पडल्या पडल्या म्हणाला, तांदळात आहे. हसला नाही. ठसका लागला नाही. आईने गुण्या आणून पेटीत ठेवला आणि त्यानंतर चेष्टा बंदच केली.

आणि ते झाकण. भिवाला सवय होती, झोपायच्या आधी पेटीचं झाकण खटकन लावायची. एकदा राघो काहीतरी सांगत होता, मिलमधल्या जुन्या जॉबरची गंमत. भिवाने ऐकता ऐकता झाकण लावलं. राघो शब्दाच्या मध्येच थांबला आणि आडवा झाला. डोळे मिटले. भिवाने उघडलं. राघो उठून बसला आणि राहिलेला अर्धा शब्द पुरा केला.

भिवाने परत लावून बघितलं नाही. योगायोग दोनदा बघितला की तो योगायोग राहत नाही, आणि ते त्याला नको होतं.

तरी त्याने एक केलं. मिलमध्ये हत्यारं लागतात असं सांगून संध्याकाळी पेटी खांद्यावर मारली आणि निघाला. निघताना राघो घरात भिंतीकडे तोंड करून झोपला होता. भिवा लालबागच्या गर्दीतून परळकडे झपाझप चालला. गेटवर भोंगा व्हायच्या आधी पोचला, तोवर हिसक्यांनी पेटीचं झाकण बोटभर उघडलं होतं. गेटच्या खांबाला टेकून राघो उभा, अनवाणी, दिव्याखाली.

"दादा, एवढी हलवत नको जाऊस रे," तो म्हणाला. "डोकं गरगरतं."

भिवाने पेटी खांद्यावरून उतरवली. छातीशी धरली, तान्ह्या पोराला धरावं तशी, आणि तशीच परत घरी आणली. पाळीचा खाडा झाला तो झाला.

८

मग वरळी कोळीवाड्यातून एक माणूस आला. नागू त्याचं नाव. त्या दिवशी मोर्चात राघोच्या बाजूला चालत होता. तेव्हा पायाला लागलं, ते सडलं, मग कितीतरी महिने गावी बहिणीकडे पडून होता, म्हणून एवढा उशीर. तो माळ्यावर आला नाही. खाली नाक्यावरच्या इराण्याकडे बसला आणि भिवाला बोलावणं पाठवलं. भरदुपार होती, रस्त्यावर उसाच्या रसवाल्याची घंटी वाजत होती.

नागूने चहाला तोंड लावलं नाही. म्हणाला, घरच्यांना कळायला हवं. राघो त्याच्या मांडीवर गेला. डोळे नागूने स्वतः मिटले, ह्या हाताने. मग परत गोळ्या सुटल्या, ह्याच्या पायाला लागली, आणि गाडी येऊन कुणाला कुठे घेऊन गेली ते ह्याने बघितलं नाही.

भिवाने विचारलं, चूक तर नाही ना? दुसरा कुणी असेल.

नागू म्हणाला, "त्याच्या खिशात पटाशी होती. मला टोचत होती मांडीला. तरी मी हललो नाही."

मग नागूने विचारलं, वहिनींना मी सांगू का? तेव्हा वरून, दुसऱ्या माळ्याच्या सज्जातून, बकुळाचं हसणं ऐकू आलं. कुणाला तरी ती लाडाने रागवत होती. नागूने मान वर केली. कोण, म्हणाला. भिवा म्हणाला, मी सांगतो घरी. तू जा. त्याने नागूला बसस्टॉपपर्यंत सोडलं, बस हलेपर्यंत थांबला, आणि मग त्याला जिना चढायचा होता.

९

खोलीत आई एकटी जागी होती. पेटीचं झाकण लागलेलं, राघो भिंतीशी झोपलेला. बकुळा हंडा घेऊन नळावर गेली होती.

भिवा काही बोलायच्या आधीच आईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"माका पयल्याच दिवशी कळला," ती हळू म्हणाली. "न्हाणवलेलो पोर माझो. त्येच्या डोक्याचो वास माका म्हायत नाय? ह्येच्या डोक्याक सागाचो वास येता."

मग बोलली का नाहीस, भिवाने विचारलं. म्हातारीने दाराबाहेर नळाच्या दिशेने हनुवटी केली. तिथून बकुळाचा आवाज येत होता, कुणाशी तरी भांडत होती, जोरात, मजेत. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माळ ओढायला घेतली. आता तू आणि तुझो देव, एवढं पुटपुटली.

भिवाने तांदळाच्या डब्यात हात घातला. मूठभर तांदूळ काढले, कुंकू लावलं. मेलेल्याला मेलेला म्हणायला पाहिजे. त्याचे दिवस घालायला पाहिजेत, पिंड द्यायला पाहिजे. खरा राघो कुठे भटकत असेल, कुणी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, आणि इथे आपण ह्याला रोज ताट वाढतो. भिवा पेटीपुढे मांडी घालून बसला आणि झाकण उघडलं.

पाठीमागे चटई वाजली. राघो उठून बसला होता.

"दादा, हलवू नकोस."

सुपारीचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. भिवाने मान वळवली नाही. मूठ घट्ट धरली आणि खाचेकडे बघत विचारलं, "तू कोण आहेस?"

मागून श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"मला कुठे माहीत," राघो म्हणाला. "तू राघो ये म्हणालास. मी आलो."

त्यात आडदांडपणा नव्हता, धमकी नव्हती. जत्रेत हरवलेलं पोर नाव सांगतं, तसं तो बोलला. ह्याने दात दाखवले असते, डोळे वटारले असते, तर मूठ कधीच उघडली असती.

त्याने हात पुढे केला. सुपारीच्या वर धरला. आणि उंबऱ्यात हंडा टेकवल्याचा आवाज आला.

बकुळा आत आली. तिने पेटी बघितली, मूठ बघितली, मुठीतून गळालेले लाल तांदूळ बघितले. नवऱ्याकडे तिने बघितलंच नाही. ती भिवाच्या समोर येऊन खाली बसली, पेटीच्या पलीकडे. ह्या भावजयीच्या अंगाला भिवाचं कधी बोट लागलं नव्हतं. ती समोर आली की तो बाजूला व्हायचा, आणि हा समोर आला की ती पदर पुढे ओढायची. तो पदर तिने आता मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.

"नळावर मला सगळ्या विचारतात, हे कुठून आले म्हणून," ती म्हणाली. "मला नाही विचारायचं कुणाला. आधी माझं कुंकू पुसा, भावजी. मग ती हलवा."

भिवाचा हात तिथेच राहिला. तिचं कपाळ एका बाजूला, सुपारी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा. कपाळ ओलं होतं, नळावरून आलेली, कुंकवाची कड जराशी पसरली होती. एका अंगठ्याचं काम. आई माळ ओढायची थांबली होती. खाली रस्त्यावर मोर्चातली पोरं कुणाच्या तरी नावाने घोषणा देत गेली, आवाज लांब गेला, तरी भिवा तसाच.

मग त्याचा हात खाली आला. तांदूळ त्याने पेटीत टाकले नाहीत, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकले. वळला, आणि मागे बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवला.

सदरा पातळ होता. त्याच्याखाली रेषा लागल्या. बारीक, लांब, मानेपासून कमरेपर्यंत, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. भिवाचा तळवा आयुष्यभर फळ्यांवरून फिरलेला, त्याला सांगायला कोण लागतं?

बकुळाने पदर डोक्यावर घेतला आणि उठली. पानं घेऊ का, तिने विचारलं. भिवा हो म्हणाला. जेवून घे राघो, म्हणाला. हात त्याने पाठीवरून काढला नाही. फक्त तो वरून खालीच फिरवत राहिला, हळूहळू, रेषांच्या बाजूने. सुतार होता तो. उलटा फिरवला असता तर तळव्यात सागाचं कुसळ गेलं असतं.